ओली जागा कोणाला द्यायची? करंज आणि समुद्रफळ

उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये राहणाऱ्याला करंज ओळखण्यासाठी पुस्तक उघडावं लागत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर हे झाड भराभर पानं गाळतं आणि थोड्याच दिवसांत चकचकीत पोपटी पालवीने भरून जातं. मग एप्रिल-मेमध्ये फिकट गुलाबी-जांभळ्या फुलांचा सडा पडतो आणि झाडाखाली लावलेल्या रिक्षा त्या फुलांनी झाकून जातात. सावली दाट असते, म्हणून चहाची टपरी, चांभाराची पेटी, शाळेच्या मुलांची वाट पाहणारे आईबाप असं सगळं करंजाच्या आश्रयाला येतं. कल्याणपासून बदलापूरपर्यंत रस्त्याकडेच्या लागवडीत हे झाड इतकं रुळलं आहे की त्याचं मूळ घर ओढ्याचा काठ आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्याच काठावरचं दुसरं झाड आहे समुद्रफळ. याची ओळख मात्र करून द्यावी लागते. कोकणात त्याला निवर, तिवर अशीही नावं आहेत. खाडीतल्या एका खारफुटीलाही लोक तिवरच म्हणतात, म्हणून शास्त्रीय नाव सांगून टाकलेलं बरं: बॅरिंगटोनिया अक्युटँगुला. करंजाचं मिलेशिया पिनाटा, किंवा पोंगॅमिया पिनाटा. करंज शेंगवर्गीय कुळातला आहे. समुद्रफळाचं कूळ वेगळं. बागांमध्ये लावला जाणारा कैलासपती आणि दक्षिण अमेरिकेतल्या ब्राझील नटचं झाड हे त्याचे नातेवाईक.

हा काठ आपल्याकडे उल्हास नदीचा. ती राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत कल्याणला पोचते आणि वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. एकूण वाट सुमारे १२२ किलोमीटरची. तिची छोटी उपनदी वालधुनी अंबरनाथजवळच्या डोंगरांतून निघते. १०६० साली बांधून पूर्ण झालेल्या शिवमंदिराच्या शेजारून, मग उल्हासनगर आणि विठ्ठलवाडीच्या कडेने जाऊन ती कल्याणला उल्हासमध्ये शिरते. उल्हासनगर या दोन प्रवाहांच्या मध्ये वसलं आहे. दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची कल्याण छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना देण्यात आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नव्या गावाचा पाया घातला. गावाला नावही नदीवरूनच मिळालं. आज तिथल्या मुलांना विचारलं तर नदी म्हणजे भिंतीपलीकडचा काळा, वास मारणारा नाला. मला याचं वाईट वाटतं, आणि काठाच्या झाडांबद्दल लिहावंसं वाटतं ते त्यामुळेच. नदीला काठ असतो आणि त्या काठावर तिची अशी झाडं असतात, एवढं जरी डोळ्यांना दिसत राहिलं, तरी नाल्याला पुन्हा नदी म्हणावंसं वाटेल.

झाड पाण्यात का मरतं, ते आधी पाहू. मुळांना श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून त्यांना हवा मिळते. पूर आला की त्या पोकळ्यांत पाणी भरतं, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट संथ पसरतो. मातीतले जिवाणू उरलासुरला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपवतात. मुळं गुदमरली की त्यांना पाणी शोषता येत नाही, म्हणून भर पाण्यात उभ्या असलेल्या झाडाची पानं तहानेने कोमेजावीत तशी माना टाकतात. कुंडीत जास्त पाणी घातलेल्या तुळशीचं हेच होतं.

पाणथळीतली झाडं यावर तोडगे काढतात. कोणाच्या खोडावर, पाण्याच्या पातळीच्या जरा वर, हवा आत घेणारी छिद्रं फुगून येतात. कोणी खोडापासून नवी मुळं फोडतं आणि ती पाण्याच्या वरच्या, प्राणवायू असलेल्या थरात पसरवतं. काहींच्या मुळांमध्ये हवेच्या पोकळ वाटा तयार होतात आणि पानांकडची हवा त्यांतून खाली उतरते. पाणी चढलं की वाढ थांबवायची, साठवलेल्या पिष्टावर दिवस काढायचे आणि पाणी ओसरलं की पुन्हा जोमाने फुटायचं, हाही एक मार्ग आहे.

या कसोटीवर आपली दोन्ही झाडं उतरतात. त्याचा पुरावा बांगलादेशात आहे. सिल्हेटजवळ रातारगुल नावाचं गोड्या पाण्यातलं जंगल आहे. पावसाळ्यात तिथे २० ते ३० फूट पाणी चढतं आणि लोक होडीत बसून झाडांच्या फांद्यांमधून फिरतात. या जंगलातली मुख्य झाडं म्हणजे कोरोच आणि हिजल. कोरोच हा आपला करंज, हिजल म्हणजे आपलं समुद्रफळ. कॅम्प ४ मधल्या रस्त्यावर ज्याच्या बुंध्याशी काँक्रीट ओतलेलं आहे, ते झाड तिथे महिनोन्महिने पाण्यात उभं असतं. हे वाचल्यापासून माझी करंजाकडे पाहण्याची नजरच बदलली.

मग दोघांत फरक काय? फरक कोरड्या दिवसांत दिसतो.

करंज हा कमालीचा भागवून घेणारा आहे. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडतो तिथे तो जगतो आणि २५०० मिलिमीटर पडतो तिथेही. खारं पाणी त्याला चालतं. किनाऱ्यावर भरतीच्या रेषेजवळही तो उगवतो. त्याची चपटी, कडक शेंग आपोआप उकलत नाही, ती तशीच पाण्यावर तरंगत दूर जाते आणि काठाला लागली की कवच कुजून आतली एखादी बी रुजते. सोटमूळ खोल जातं, बाजूची मुळं लांबवर पसरतात. शेंगवर्गीय असल्याने त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नत्र बांधून देतात. त्यामुळे मुरमाड, निकस, भराव टाकलेल्या जमिनीतही त्याचं पोट भरतं. उल्हासनगरातल्या रस्त्याकडेची माती म्हणजे बहुतेक वेळा राडारोडाच असतो. तिथे करंज टिकला तो या गुणांमुळे.

त्याच्या बियांत वजनाच्या साधारण एक तृतीयांश तेल असतं. पूर्वी ते दिव्याला वापरत, खरजेवर लावत. पेंड कडू, म्हणून ती शेतात खत आणि कीडनाशक म्हणून जाई. या शतकाच्या सुरुवातीला जैवइंधनाची चर्चा रंगली तेव्हा जट्रोफाबरोबर करंजाचंही नाव घेतलं गेलं. पानांवर बारीक बारीक फोड दिसले की लोक झाड रोगट झालं म्हणतात. ते काम एका सूक्ष्म कोळी-किडीचं असतं आणि त्याने झाड सहसा मरत नाही. त्यासाठी फवारणीच्या भानगडीत पडू नये.

समुद्रफळ असं भागवून घेत नाही. ते मध्यम उंचीचं, पसरट, खडबडीत काळसर सालीचं झाड आहे. पानं फांद्यांच्या टोकांना झुबक्याने येतात, आणि गळण्याआधी लाल होतात. आपल्याकडच्या फार थोड्या झाडांना हा रंग मिळाला आहे. उन्हाळ्यात आणि पावसाच्या सुरुवातीला त्याला फुलं येतात. फांद्यांवरून हातभर लांब, बारीक मंजिऱ्या लोंबू लागतात. त्यावरच्या कळ्या संध्याकाळनंतर उमलतात, पाकळ्या इवल्याशा, पण लाल पुंकेसरांचा झुपका दिमाखदार. रात्री पतंग त्यांच्याकडे येतात आणि सकाळी सगळं खाली गळलेलं असतं, झाड पाण्याकाठी असेल तर पाण्यावर. संस्कृत साहित्यातला निचुल म्हणजे हेच झाड असं अनेक अभ्यासक मानतात, आणि 'मेघदूता'त त्याचा उल्लेख येतो. फळ चार कंगोऱ्यांचं, तंतुमय, आत एकच बी. तेही तरंगतं. करंजाप्रमाणेच याच्यातही मासे गुंगवणारी द्रव्यं आहेत, आणि अनेक ठिकाणी दोन्ही झाडांचा मासेमारीसाठी वापर झाला आहे.

त्याची मुख्य मागणी मात्र एकच. दरवर्षी पाणी परत आलं पाहिजे. ओढ्याचं पात्र, तळ्याची उतरती कड, भातखाचराच्या खालची सखल जागा, नदीचं जुनं वळण, अशा ठिकाणी ते फुलतं. उत्तम मातीत, पण पाण्यापासून लांब लावलं, तर ते कसंबसं जगेल, खुरटं राहील. वाढ मुळातच संथ. करंज तीन-चार वर्षांत माणसाच्या डोक्यावर सावली धरू लागतो, समुद्रफळासाठी त्याहून बराच धीर लागतो. खारेपणाही ते थोडाच सोसतं. कंबोडियात तोनले साप नावाचं मोठं सरोवर आहे. कोरड्या दिवसांत ते सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचं असतं आणि पावसाळ्यात मेकाँग नदीचं पाणी उलटं आत शिरलं की सुमारे १५,००० चौरस किलोमीटरपर्यंत फुगतं. या दोन कडांच्या मधल्या पट्ट्यातल्या बुडत्या जंगलात समुद्रफळ हे प्रमुख झाड आहे. त्याच्या बुडालेल्या फांद्यांमध्ये मासे अंडी घालतात, पिलं लपतात. उत्तर ऑस्ट्रेलियातही गोड्या पाण्याच्या डबक्यांभोवती ते आहे.

दोन्ही झाडं पाण्यात उभी राहू शकतात, पण कोरड्या जागी नीट वाढतो तो एकटा करंज. मग काठावरची खरी ओली जागा कोणाला द्यायची? माझं उत्तर ठाम आहे: समुद्रफळाला. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात ओली जागा आता फार थोडी उरली आहे. सखल खाचरांवर भराव पडून इमारती उभ्या राहिल्या, ओढे नळांत घातले गेले, वालधुनीला कित्येक ठिकाणी उभ्या भिंती आल्या. ज्या झाडाला दुसरीकडे कुठे जाताच येत नाही, त्याच्यासाठी या जागा राखल्या पाहिजेत. करंजासाठी अख्खं गाव मोकळं आहे. तरीही काठावरच्या लागवडीत रोपं येतात ती करंजाची, नाहीतर गुलमोहर आणि सोनमोहराची, कारण रोपवाटिकेत तीच तयार असतात.

पाणी किती येतं याबद्दल या भागात कोणाला शंका नसावी. २६ जुलै २००५ चा पूर इथल्या प्रत्येक घराला आठवतो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. जलसंपदा विभाग नद्यांना दोन पूररेषा आखतो. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. घर बांधणाऱ्यासाठी या रेषा म्हणजे बंधन, झाड लावणाऱ्यासाठी मात्र त्या तयार नकाशा आहेत. पात्राच्या कडेपासून, जिथे दर पावसाळ्यात पाणी टेकतंच तिथपर्यंत, समुद्रफळ. त्याच्या वर निळ्या रेषेपर्यंत समुद्रफळ आणि करंज मिसळून, सोबत उंबर, जांभूळ, अर्जुन. निळ्या रेषेच्या बाहेर करंज पुष्कळ. कल्याणला खाडीचं भरतीचं पाणी पोचतं, तिथे हिशेब बदलतो. खारट चिखलाजवळ करंजच बरा.

झाड किती पाण्यात टिकेल हे विचारताना एक गोष्ट विसरली जाते. मोठं झाड आणि रोप यांचा पूर वेगळा असतो. पंचवीस फुटी समुद्रफळाचा शेंडा पाण्याबाहेर असतो, पानं हवा घेत राहतात. दीड फुटाचं रोप गढूळ पाण्यात पूर्ण बुडतं, त्याला प्रकाशही मिळत नाही आणि धारेने ते उपटून जातं. आपल्याकडे वृक्षारोपण जुलैमध्ये होतं, फोटो निघतात, आणि पात्रालगत लावलेली रोपं ऑगस्टपर्यंत वाहून गेलेली असतात. मला वाटतं काठासाठी हे वेळापत्रक उलटं करायला हवं. समुद्रफळ लावायचं ते पाणी ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये. तेव्हा काठाची माती खोलवर भिजलेली असते, ऊन सौम्य होत जातं, आणि पुढच्या पुरापूर्वी मुळांना आठ महिने मिळतात. मार्चपासून मेअखेरपर्यंत मात्र त्याला पाणी घातलंच पाहिजे. रोप तीन-चार फुटांचं, जाड खोडाचं घ्यावं. त्याला दोन बांबूंचा आधार द्यावा आणि ते धारेच्या सरळ माऱ्यात न ठेवता वळणाच्या आतल्या बाजूला लावावं, जिथे नदी गाळ टाकते.

करंजाचं उलट. त्याला दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा करून, पहिला पाऊस मुरल्यावर, जूनअखेर ते जुलैमध्ये लावावं. रोप एक-दीड फुटाचंही चालतं. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, नंतर ते आपलं आपण पाहतं. रस्त्याकडेला असेल तर बुंध्याभोवती निदान तीन फूट माती उघडी ठेवण्यासाठी भांडावं. पाणथळीत महिनोन्महिने तगणारं झाड काँक्रीटखाली मरतं, आणि त्याचं कारण तेच, मुळांना हवा न मिळणं. करंजाच्या मुळांपासून फुटवेही फार येतात. म्हणून घराच्या पायाजवळ किंवा पाण्याच्या नळावर करंज लावू नये. नदीच्या काठावर मात्र हे फुटवे गुणच ठरतात, कारण माती धरून ठेवायला ते मदत करतात.

आता वालधुनीचा कडवट प्रश्न. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये नदीत ओतलेल्या रसायनांमुळे उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयात जावं लागलं. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध 'वनशक्ती' संस्था राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. अशा पाण्याकाठी झाडं लावून काय होईल, हा प्रश्न रास्त आहे. झाडं आम्ल आणि रंगाचं पाणी शुद्ध करत नाहीत. ते काम सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं आहे आणि कोणी झाडांच्या आडून ते टाळत असेल तर त्याला तसं तोंडावर सांगितलं पाहिजे. काठावरची झाडं करतात ते एवढंच: माती धसू देत नाहीत, पाण्यावर सावली धरून त्याचं तापमान खाली ठेवतात, वरून वाहून येणारा गाळ आणि कचरा काही प्रमाणात अडवतात. उल्हासवर दरवर्षी जलपर्णीचा हिरवा थर पसरतो. जलपर्णीला भरपूर ऊन आणि सांडपाण्यातली खतं लागतात. काठाला सावली आली तर निदान अरुंद ओढ्यांत तिची एक सोय कमी होईल. वालधुनीकाठी समुद्रफळ लावायचंच असेल तर ते अंबरनाथच्या वरच्या बाजूला, काकोळ्याकडच्या तुलनेने स्वच्छ ओढ्यांपासून सुरू करावं आणि खाली यावं. बियाही पाण्याबरोबर खालीच येतात. उल्हासनगरातल्या भिंतींमधल्या पट्ट्यात सध्या भिंतीच्या वर करंज, एवढंच शक्य आहे.

समुद्रफळाचं रोप कुठे मिळतं, हा शेवटचा आणि खरा अडसर. बाजारातल्या रोपवाटिकांत ते क्वचितच असतं, आणि कधीकधी त्या नावाने त्याचा भाऊ, बॅरिंगटोनिया रेसिमोसा, दिला जातो. भावाची पानं बरीच मोठी, फुलं पांढरट-गुलाबी, आणि त्याला खाडीकडची ओल आवडते. पानं वीतभराहून लांब असतील तर रोप बदलून मागावं. त्यापेक्षा रोपं स्वतः करणं सोपं आहे. एखाद्या ओढ्याकाठी झाड माहीत असेल तर खाली पडलेली ताजी, तपकिरी होऊ लागलेली फळं गोळा करावीत. ती साठवून ठेवू नयेत, कारण बीचा जोर लवकर जातो. फळ न फोडता, आडवं, अर्धं मातीत दाबून मोठ्या पिशवीत पेरावं आणि पिशवी उथळ पाणी असलेल्या घमेल्यात ठेवावी. कोंब यायला काही आठवडे लागतात, त्या काळात माती एकदाही सुकू द्यायची नाही. करंजाची बी याहून टिकाऊ. वाळलेल्या शेंगा हातोडीने हलक्या फोडून, बी रात्रभर भिजवून पेरली की साधारण दोन आठवड्यांत उगवते. ज्या इमारतीच्या गच्चीत किंवा शाळेच्या मागच्या व्हरांड्यात पाण्याची सोय आहे, तिथे दोन्हींची शे-पन्नास रोपं सहज होतात. समुद्रफळाची रोपं दोन पावसाळे पिशवीत वाढवावीत, दुसऱ्या वर्षी मोठ्या पिशवीत बदलावीत, आणि मगच ऑक्टोबरमध्ये नदीवर न्यावीत.